गोळ्या, तांबी आणि "राहतच नाहीये"

मागच्या अंकात गर्भनिरोधक गोळ्यांवर लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली आणि मेलही आले. वाचताना एक गोष्ट सारखी दिसत होती, कुठल्याही पत्रात शेवटी शेवटी "माझ्यामुळेच झालं का हे" अशी एक ओळ येतेच, आणि ती लिहिणारी दरवेळी बाईच असते. म्हणून या वेळी हाच विषय घेतलाय. नावं, गावं काढलीत आणि लांब पत्रं थोडी आखडती केलीत.

प्रश्न: मॅडम, माझं वय ३१. लग्नानंतर लगेच मूल नको होतं म्हणून ३ वर्षं रोज गोळ्या घेतल्या, डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या. आता बंद करून १४ महिने झाले, चान्स घेतोय पण राहत नाही. सासूबाई तोंडावर काही बोलत नाहीत पण जाऊबाई म्हणाल्या इतकी वर्षं गोळ्या खाल्ल्यावर पिशवी सुकणारच. गोळ्या सुरू करायच्या आधी माझी पाळी कधी ४० दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी यायची, आता परत तसंच झालंय. मी स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला का?

उत्तर: नाही घेतलास. आधी एवढं नीट वाच आणि मग पुढचं. गोळ्यांनी पिशवी सुकत नाही, आणि खरं कारण काय असावं हे तुझ्याच पत्रात आहे, फक्त तू ते सगळ्यात शेवटी सहज म्हणून लिहिलंयस.

गोळीतले हॉर्मोन मेंदूला सांगतात की अंडाशयाला सध्या काम देऊ नको, मग त्या महिन्यात अंडं तयार होऊन बाहेर पडत नाही. हे रोजच्या रोज सांगावं लागतं, म्हणून तर गोळी रोज घ्यायची असते आणि लागोपाठ दोन-तीन विसरल्या तर दिवस जाऊ शकतात. आता तूच विचार कर, जे औषध दोन-तीन दिवस चुकलं की कामाचं राहत नाही ते बंद केल्यावर वर्षभर अंगात बसून पिशवी कशी सुकवेल? गोळ्या सोडलेल्या बायकांवर मोठे अभ्यास झालेत, त्यात १०० पैकी साधारण ८० जणींना पहिल्या १२ महिन्यांत दिवस गेले. गोळ्या जास्त वर्षं घेतल्या म्हणून हा आकडा खाली गेला नाही, आणि ज्यांनी गोळ्या घेतल्याच नाहीत त्यांचंही साधारण असंच असतं.

मग गैरसमज येतो कुठून, तर असा. गोळ्यांची स्ट्रिप संपते, चार ते सात दिवस हॉर्मोन मिळत नाहीत आणि रक्तस्राव होतो. तो २८ दिवसांनी अगदी वेळेवर येतो त्यामुळे वाटतं आता पाळी सुधारली. ती सुधारलेली नसते, ती स्ट्रिपची तारीख असते. आतमध्ये जी अनियमितता आधीपासून आहे ती झाकली जाते, गोळी थांबली की झाकण निघतं आणि जुनंच सगळं परत दिसायला लागतं, पण दिसतं ते गोळ्यांनंतर, म्हणून नाव गोळ्यांवर येतं. तुझी पाळी आधीपासून ४०-६० दिवसांनी येत होती म्हणजे दर महिन्याला अंडं फुटत नसावं, आणि याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे पीसीओएस, हॉर्मोनच्या गडबडीने अंडं वेळेवर न फुटण्याचा त्रास, ज्याला सगळे पीसीओडी म्हणतात. जगात १०० पैकी ८ ते १३ बायकांना हे असतं आणि त्यातल्या बऱ्याच जणींना मूल हवं असेपर्यंत पत्ताच नसतो. यावर उपचार आहेत आणि चांगले आहेत. आधी रक्तातलं थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हॉर्मोन) बघतात, सोनोग्राफी करतात, मग अंडं फुटायला मदत करणारं औषध देतात, हल्ली लेट्रोझोल जास्त वापरतात, आणि वजन जास्त असेल तर थोडं कमी केल्यावरही पुष्कळ जणींची पाळी जागेवर येते. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आजपासून सुरू कर, दिवस जायच्या आधीपासून घेतली तरच बाळाच्या मणक्याला तिचा पूर्ण फायदा होतो.

गोळ्यांमध्ये वाईट काहीच नाही असंही मी म्हणणार नाही. १९६० साली पहिल्यांदा अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली त्या गोळीत इस्ट्रोजेन हे हॉर्मोन १५० मायक्रोग्रॅम होतं, आताच्या बहुतेक गोळ्यांत ते २० ते ३५ असतं, जुन्या पिढीने ऐकलेले त्रास त्या जड डोसचे होते. तरी आजही ३५ च्या पुढे सिगरेट ओढणाऱ्या, बीपी जास्त असलेल्या, रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या किंवा डोळ्यांपुढे लखलख होऊन अर्धशिशी येणाऱ्या बाईने इस्ट्रोजेनवाल्या गोळ्या घ्यायच्या नसतात. हा धोका खरा आहे, पण तो रक्ताच्या गुठळीचा आणि बीपीचा आहे, वांझपणाचा नाही.

उलटी समजूत पण ऐकू येते, गोळ्या घेतल्या की अंडी शिल्लक राहतात आणि मग उशिरा मूल झालं तरी चालतं. तसंही नाही. अंडं फुटो न फुटो, दर महिन्याला बरीच अंडी आपोआप विरून जातात, गोळी ते थांबवत नाही.

१४ महिने झालेत म्हणजे तपासणीची वेळ झालीय. दोघांची, फक्त तुझी नाही. पुढचं पत्र मिस्टरांना वाचायला दे.

प्रश्न: आमच्या लग्नाला ४ वर्षं झाली, मूल नाही. बायकोच्या सगळ्या टेस्ट झाल्या, रक्त, सोनोग्राफी, ट्यूब (गर्भनलिका) उघड्या आहेत का बघायची टेस्ट तर दोनदा. आता नवीन डॉक्टर म्हणतात आधी तुमचा रिपोर्ट आणा. मी रोज जिमला जातो, संबंधात काहीच अडचण नाही, वीर्यही व्यवस्थित येतं, मग माझ्यात दोष कसा असेल? खरं सांगतो, त्या टेस्टला जायची लाज वाटते.

उत्तर: लाज वाटते हे लिहिलंत ते बरं झालं, कारण बरेच जण लाज वाटते म्हणत नाहीत, वेळ नाही म्हणतात.

पण तुमच्या पत्रातल्या "दोनदा" या शब्दावर मी अडकले. ती टेस्ट कशी असते माहीत आहे का? एक्सरेच्या टेबलावर झोपवतात, पिशवीच्या तोंडातून बारीक नळी घालून औषध आत ढकलतात, ते ट्यूबमधून पुढे जाताना ओटीपोटात जोरात कळ येते आणि त्या अवस्थेत हलायचं नसतं कारण फोटो काढायचे असतात. तुमच्या मिसेसनी हे दोन वेळा केलं. तुमच्या टेस्टला एक प्लास्टिकची डबी लागते, बंद खोली लागते आणि अर्धा तास. कुठलीही सुई नाही, कळ नाही. म्हणून नवऱ्याची टेस्ट सगळ्यात आधी व्हायला पाहिजे, ती शेवटी होते हे मला वीस-बावीस वर्षं बघून सुद्धा पटत नाही. माझ्याकडे एक जोडपं यायचं, बाईंच्या हातात तीन वर्षांची फाईल, इतकी जाड की रबर बसेना म्हणून दोरीने बांधलेली, आणि त्यात नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नाही. रिपोर्ट केला तेव्हा शुक्राणू शून्य निघाले. त्या बाईंनी रिपोर्ट वाचून पहिलं वाक्य काय म्हटलं तर "म्हणजे माझ्या गोळ्यांमुळे नाही ना?"

आता तुमचा मूळ मुद्दा. संबंध जमणं आणि शुक्राणू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीर्याचा बहुतेक भाग आतल्या ग्रंथींचा द्राव असतो, शुक्राणू त्यात जेमतेम २ ते ५ टक्के असतात, त्यामुळे एकही शुक्राणू नसला तरी वीर्य तेवढंच येतं आणि तसंच दिसतं. नुसतं बघून कुणालाच कळत नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांत साधारण निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं काहीतरी कारण असतं, एकट्याचं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीला. यात मर्दानगीचा काहीही संबंध नाही.

जिमचं लिहिलंत म्हणून स्पष्ट विचारते, कुणी बॉडी बनवायला इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्यात का? टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन बाहेरून घेतलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो वृषणांना सिग्नल द्यायचं बंद करतो आणि शुक्राणू बनणं थांबतं, काउंट अगदी शून्यावर येऊ शकतो. दंड फुगलेले दिसतात आणि आत कारखाना बंद. थांबवल्यावर बहुतेकांचा परत येतो पण त्याला कित्येक महिने जातात, काहींना वर्षाच्या वर. असं काही घेतलं असेल तर डॉक्टरांना सांगा, बायकोलाही सांगा.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे व्हेरिकोसील, वृषणाच्या भोवतालच्या शिरा फुगणं. साध्या १०० पुरुषांत १५ जणांना असतं, मूल न होणाऱ्या पुरुषांत ३५ ते ४० जणांना. प्रत्येकाला ऑपरेशन लागतं असं नाही. वृषण शरीराच्या बाहेर लटकलेले असतात ते थंड राहायला, दोन-चार डिग्री कमी तापमान लागतं, त्यामुळे जोराचा ताप येऊन गेला तरी पुढचे दोन-तीन महिने काउंट पडलेला दिसू शकतो. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणजे आज सिगरेट सोडली तर फरक पुढच्या महिन्यात शोधू नका, तीन महिन्यांनी शोधा.

टेस्टला जाताना आधी २ ते ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. तेल, साबण, थुंकी, साधा कंडोम काही वापरायचं नाही, शुक्राणू मरतात. पूर्ण नमुना डबीत गेला पाहिजे, पहिला थेंबही, कारण जास्त शुक्राणू पहिल्या भागातच असतात, सांडला तर लॅबमध्ये तसं सांगा. घरून न्यायचा असेल तर डबी पिशवीत टाकू नका, शर्टाच्या आत अंगाला लागून ठेवा म्हणजे गार पडत नाही, आणि तासाभरात पोचवा. रिपोर्टमध्ये एक ओळ असते, नॉर्मल आकाराचे ४ टक्के, ते वाचून लोक घाबरून फोन करतात की ९६ टक्के खराब आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापात ४ टक्के म्हणजे ठीक. एका मिलीलीटरला १ कोटी ६० लाख आणि त्यातले ४२ टक्के हलणारे, ही खालची रेषा. रेषेच्या खाली आला म्हणून लगेच हातपाय गाळू नका, काही आठवड्यांनी परत करतात, आणि वर आला म्हणून खात्रीही नाही. पण निदान अंधारात चाचपडणं थांबतं.

प्रश्न: वय २२. गेल्या ६ महिन्यांत ४ वेळा इमर्जन्सी गोळी घेतली. पाळी एकदा आठवडाभर आधी आली, एकदा १० दिवस उशिरा. मैत्रीण म्हणते तीनपेक्षा जास्त वेळा घेतली की पुढे मूलच होत नाही. घरी कुणाला विचारू शकत नाही, प्लीज उत्तर द्या.

उत्तर: अगं, मूल न होण्याचा आणि या गोळीचा संबंध नाही, ४ वेळा घेतलीस तरी नाही. तीनची मर्यादा कुणी काढली माहीत नाही, तशी काही नसते. ही गोळी म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेलचा दीड मिलीग्रॅमचा एक डोस, ती अंडं बाहेर पडायला उशीर करते, बस. अंडं आधीच बाहेर पडलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही, आणि गर्भ रुजला असेल तर ती पाडत नाही, ती गर्भपाताची गोळी नाहीये. पाळी मागेपुढे झाली कारण अंड्याची वेळ हलली, एक-दोन महिन्यांत बसेल.

तरी पण दर वेळी हीच घ्यायची हे बरोबर नाही, आणि कारण वांझपणा नाही तर हे आहे की ती चुकते. ७२ तासांच्या आत घ्यायची पण जितकी लवकर तितकी चांगली, तिसऱ्या दिवशी घेतलेली गोळी पहिल्या दिवसाइतकी भरवशाची नसते. शिवाय अंडं नुसतं पुढे ढकललं जातं, म्हणजे गोळी घेतल्यावर त्याच महिन्यात परत संबंध आले तर तेव्हा धोका असतोच, आणि नेमकं तेव्हाच मुलींना वाटतं आपण गोळी घेतलीय, आता सेफ. घेतल्यावर २-३ तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. पाळी आठवडाभर लांबली किंवा संबंध येऊन तीन आठवडे झाले की युरिन टेस्ट कर.

तुला कशाची काळजी करायचीच असेल तर बिना कंडोम संबंधांची कर. क्लॅमिडिया नावाचं इन्फेक्शन असतं, बहुतेक मुलींना काहीच त्रास होत नाही, आणि तेच आत ट्यूबपर्यंत जाऊन पुढे मूल होण्यात अडथळा आणतं. त्याची तपासणी होते आणि साध्या अँटिबायोटिकने बरं होतं. डॉक्टरकडे जा, तू सज्ञान आहेस, तुझी माहिती डॉक्टर घरी सांगू शकत नाही.

प्रश्न: ताई, मुलगा ३ वर्षांचा आहे, दुसरं मूल अजून २-३ वर्षांनी हवंय. डॉक्टर तांबी बसवा म्हणतात. बहीण म्हणते तांबी वर चढते, पोटात जाते, इन्फेक्शन होऊन ट्यूब बंद होतात आणि मग दुसरं मूल विसरा. तिच्या ओळखीत एकीला असं झालंय म्हणे. काय करू?

उत्तर: तुमच्या बहिणीची भीती हवेतून आलेली नाही, तिला इतिहास आहे, तो सांगते.

१९७१ च्या सुमारास अमेरिकेत डॅल्कन शील्ड नावाचं एक साधन बाजारात आलं, तांबीसारखंच पिशवीत बसवायचं. त्याचा दोरा एका धाग्याचा नव्हता, शेकडो बारीक तंतू एका आवरणात गुंडाळलेले होते आणि दिव्याची वात जसं तेल वर ओढते तसं त्या दोऱ्यातून जंतू योनीतून वर पिशवीत जायचे. बायकांना भयंकर इन्फेक्शन झाली, काहींचे जीव गेले, पुष्कळ जणींना नंतर मूल झालं नाही. १९७४ मध्ये त्याची विक्री थांबली आणि हजारोंनी खटले झाले. ते साधन गेलं पण बदनामी सगळ्याच तांबींच्या वाट्याला आली आणि ती अजून फिटलेली नाही. आताच्या तांबीचा दोरा एकाच सलग धाग्याचा असतो, मासेमारीच्या गळाच्या दोरीसारखा गुळगुळीत, त्यातून जंतू चढत नाहीत.

मग ट्यूब बंद कशाने होतात? २००१ साली मेक्सिकोतल्या बायकांवरचा एक अभ्यास छापून आला, मूल झालेलं नाही अशा बायकांमध्ये कुणाच्या ट्यूब बंद आहेत आणि कुणी पूर्वी तांबी वापरली होती हे ताडून बघितलं. तांबीचा संबंध निघाला नाही. संबंध निघाला तो क्लॅमिडिया होऊन गेल्याच्या खुणेशी. म्हणजे चोर इन्फेक्शन आहे. ओटीपोटात सूज येणारं इन्फेक्शन एकदा झालं तर १०० पैकी साधारण ८ बायकांच्या ट्यूब खराब होऊन मूल होत नाही, दोनदा झालं तर २० च्या आसपास, तीनदा झालं तर ४०, असा स्वीडनमधला जुना आणि मोठा अभ्यास आहे. म्हणून अंगावरून घाण वासाचं पांढरं जाणं, ओटीपोटात दुखून ताप, संबंधाच्या वेळी आत खोल दुखणं हे अंगावर काढू नका, कुणालाही होऊ दे, तांबी असो नसो.

तांबी बसवल्यानंतर पहिले तीन आठवडे इन्फेक्शनचा धोका थोडा वाढतो हे खरं आहे, कारण आत आधीच जंतू असले तर ते वर ढकलले जातात. म्हणून आधी तपासून घ्यायचं, पांढरं जात असेल तर आधी ते बरं करायचं आणि मग बसवायची. वर चढून छातीपर्यंत वगैरे जात नाही, पिशवी वरून बंद असते. बसवताना पिशवीच्या भिंतीला भोक पडून बाहेर जाण्याचा प्रकार हजारात एखाद्या वेळी होतो, आणि आपोआप खाली सरकून पडण्याचा त्यापेक्षा बराच जास्त, शंभरात पाचेक, तो पण बहुतेक पहिल्या वर्षात. म्हणून पाळी झाली की बोट आत घालून दोरा लागतो का बघायचं, दोरा लागला नाही किंवा दोऱ्याबरोबर प्लास्टिकचं कडक टोक लागलं तर दाखवायला जा आणि तोवर कंडोम वापरा. पहिले चार-सहा महिने पाळी जास्त जाईल, कळा येतील, हे आधीच सांगून ठेवते, कारण कुणी सांगितलं नसलं की बायका घाबरून काढून टाकतात. आधीच पाळी खूप जात असेल किंवा रक्त कमी असेल तर डॉक्टरांना तांबीच्या हॉर्मोनवाल्या प्रकाराबद्दल विचारा.

काढल्यावर? वाट बघावी लागत नाही, त्याच महिन्यात दिवस जाऊ शकतात. तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी तिला बसव म्हणाले असते.

प्रश्न: दिवस जाऊ नयेत म्हणून ३ महिन्यांचं इंजेक्शन चार वेळा घेतलं. शेवटचं घेऊन ८ महिने झाले, पाळी नीट नाही, दिवस जात नाहीत. हे पण गोळ्यांसारखंच निर्धास्त आहे ना?

उत्तर: नाही, इथे मात्र उशीर खरा आहे आणि घेताना तो सांगायला हवा होता. इंजेक्शनचं औषध स्नायूत साठून हळूहळू उतरतं, त्यामुळे शेवटच्या इंजेक्शनपासून मोजलं तर दिवस जायला सरासरी १० महिने लागतात, काहींना दीड वर्षही. कायमचं नुकसान होत नाही. तुमचे ८ महिने या हिशोबात बसतात. वय ३५ च्या आत असेल तर अजून थोडं थांबा, पुढे असेल तर आत्ताच दाखवा. वर्ष-दोन वर्षांत मूल हवं असणाऱ्या बाईला मी स्वतः हे इंजेक्शन सुचवत नाही.

प्रश्न: बाळ ७ महिन्यांचं, अंगावर पितं, पाळी सुरू झालेली नाही. सगळ्या म्हणायच्या दूध पाजतेय तोवर राहत नाही. शिवाय मिस्टर बाहेर काढायचे. तरी टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. हे कसं झालं?

उत्तर: दोन अर्ध्या खऱ्या गोष्टी एकत्र आल्या म्हणून झालं. दूध पाजण्याने संरक्षण मिळतं, चांगलं ९८ टक्के मिळतं, पण तीन अटी सगळ्या एकत्र असतील तरच. बाळ ६ महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळ फक्त आईच्या दुधावर, दिवसा आणि रात्रीही. एक अट सुटली की हिशोब संपला. तुमचं बाळ ७ महिन्यांचं आहे, वरचं खाणं सुरू झालं असेल. आणि पाळी आली नाही म्हणून सेफ असं नसतं, कारण पहिलं अंडं पहिल्या पाळीच्या आधीही फुटू शकतं, मग पाळी येतच नाही, थेट दिवस जातात.

बाहेर काढण्याचं म्हणाल तर वर्षभर त्याच्यावर राहणाऱ्या १०० जोडप्यांपैकी साधारण २० जणांकडे दिवस जातात. कंडोममध्ये रोजच्या चुका धरून १३ ते १८, गोळीमध्ये ७ ते ९, तांबीत एकसुद्धा जेमतेम. सेफ दिवस मोजणाऱ्यांनीही लक्षात ठेवा की शुक्राणू आत ५ दिवस जिवंत राहू शकतात, अंडं मात्र एकच दिवस टिकतं, त्यामुळे धोक्याचे दिवस अंडं फुटायच्या आधीचे पाच आणि फुटण्याचा एक, आणि ते कधी फुटणार हे आधी कळत नाही.

आता हे बाळ ठेवायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवा, पण लवकर डॉक्टरांकडे जा, केमिस्टकडून स्वतः गोळ्या आणून घेऊ नका. मागचं सिझर असेल तर ते आवर्जून सांगा.

प्रश्न: मिस्टर नसबंदीला तयार आहेत पण दीर म्हणतात अंगातली ताकद जाते, पुरुष कामातून जातो.

उत्तर: कापतात ती शुक्राणू वाहून नेणारी बारीक नळी, ताकद ज्यातून येते ते टेस्टोस्टेरॉन रक्तातून जातं, त्याला कुणी हात लावत नाही. इच्छा, ताठरता, वीर्य सगळं पूर्वीसारखंच. बाईच्या ऑपरेशनपेक्षा हे छोटं आणि सोपं असतं, पोट उघडावं लागत नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. ऑपरेशन झालं की लगेच मोकळे नाही, पुढच्या नळीत उरलेले शुक्राणू निघून जायला तीन महिने लागतात, तोवर कंडोम आणि शेवटी वीर्य तपासून शून्य आलं की मगच निश्चिंत. आणि पुढे मन बदललं तर परत जोडता येईल या भरवशावर करू नका. तुमचे मिस्टर तयार झाले याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

प्रश्न: वय ३७. मुलगी ८ वर्षांची, तेव्हा पहिल्याच महिन्यात दिवस गेले होते. मध्ये ४ वर्षांपूर्वी नको होतं म्हणून हॉस्पिटलमध्ये क्युरेटिंग केलं. आता ९ महिने प्रयत्न चाललेत. संबंधांनंतर उशी घेऊन पाय वर करून झोपते, तरी वीर्य बाहेर येतं. सगळे म्हणतात टेन्शन घेऊ नकोस, आपोआप होईल. मला मात्र रात्री झोप लागत नाही, वाटतं त्या वेळी नको म्हटलं त्याचीच ही शिक्षा.

उत्तर: तुम्हाला शिक्षा झालेली नाही. हॉस्पिटलमध्ये नीट केलेल्या एका क्युरेटिंगने मूल व्हायचं थांबत नाही. अडचण येते ती नंतर ताप, घाण वास, दुखणं असं इन्फेक्शन झालं असेल तर, किंवा क्वचित पिशवीच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटल्या तर. त्याची एक खूण असते, क्युरेटिंगनंतर पाळी एकदम कमी झाली का? झाली असेल तर डॉक्टरांना सांगा, दुर्बिणीतून बघून सोडवता येतं. नसेल झाली तर हा विचार मनातून काढा, रात्री परत आला तर परत काढा.

वीर्य बाहेर येणं अगदी नॉर्मल आहे, सगळ्यांचंच येतं. शुक्राणू काही मिनिटांतच पिशवीच्या तोंडाच्या चिकट पाण्यात शिरलेले असतात, बाहेर येतो तो बाकीचा द्राव. पाय वर केल्याने काही वाढत नाही, कंबर दुखत असेल तर सोडून द्या. आणि टेन्शनचं म्हणाल तर टेन्शन घेऊ नको हे सांगणाऱ्यांवर मला राग येतो. मूल होत नाही म्हणून टेन्शन येतं, ते आलं म्हणून ट्यूब बंद होत नाहीत की काउंट शून्य होत नाही. टेन्शन कमी करा ते तुम्हाला झोप लागावी म्हणून.

तुमच्या बाबतीत खरी गोष्ट वयाची आहे. मुलगी झाली तेव्हा तुम्ही २९ च्या होतात. वयाबरोबर अंड्यांची संख्या आणि प्रत दोन्ही उतरत जातात, ३७ नंतर जरा वेगाने. ही कुणाची चूक नाही. पण याचा अर्थ असा की वर्षभर थांबायचा नियम तुम्हाला लागू नाही, ३५ च्या पुढे ६ महिन्यांनी तपासायला जायचं असतं, तुमचे ९ झालेत. पहिलं मूल सहज झालं म्हणजे दोघंही कायमचे पास असं पण नसतं, मध्ये ८ वर्षं गेलीत, तुमचा थायरॉइड बदललेला असू शकतो, ट्यूबमध्ये काही झालेलं असू शकतं, आणि मिस्टरांचं वय पण ८ ने वाढलंय.

तोपर्यंत पाळीच्या दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड संबंध ठेवा, ॲपमधला एकच दिवस गाठायच्या नादी लागू नका. या महिन्यातच वेळ घ्या. डॉक्टरांकडे जाताना गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा एका कागदावर लिहा, क्युरेटिंगचा कागद शोधून ठेवा, दोघांनी मिळून आत जा आणि मिस्टरांची टेस्ट आधीच करून तो रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.